पट्टी

साखर पेठेतल्या कारखान्यात अठरा माग चालायचे
तेव्हा तो गप्प असायचा.
पाळी सुटली, माग थांबले
की सुरू. तेलुगूत.
आईची भाषा, पण आवाज आईचा नव्हे.
नरसय्या, ताणा चुकला.
नरसय्या, सगळे बघतायत.

मुजावर मॅडम म्हणाल्या, हलू नका.
बोगद्यात सरकवलं.
आणि आत काय, तर माग!
खट खट खट, घर्र, परत खट.
मला हसूच आलं.
हलू नका म्हटलं ना.

डोळ्यांपुढं एक निळी पट्टी.
आवाज मेंदूत जिथं उमटतो
तिथलं हे माप, त्या म्हणाल्या,
तुम्हीच खाली आणायचं.
कसं, ते मलाही माहीत नाही.

गप्प बस म्हटलं, पट्टी चढली.
सिद्धेश्वराचं नाव घेतलं, चढलीच.
बिड्या वळणारी अक्का आठवली,
अर्धी उतरली,
तेवढ्यात अक्का बोलायला लागली.

मग तुटलेला धागा घेतला, मनातच.
चिमटीत दोन टोकं, जराशी थुंकी, गाठ.
पुढचा धागा. गाठ.
कितव्या गाठीला कुणास ठाऊक
पट्टी तळाला होती.

बरं वाटतंय का रे, अक्का विचारते.
तो आहे.
शेजारच्या घरातल्या रेडिओसारखा,
भिंतीपलीकडून कुणाला तरी हाका मारतो.
कधी मलाच.
मी कडक भाकरी मोडतो,
शेंगाचटणी घेतो चिमटीत,
आणि बोटं, सवयीनं,
एक गाठ मारून घेतात.