विंगेतून

साखळीच्या बाजारात, बसस्टँडकडून उतरताना
डाव्या हाताला चौथं दुकान आमचं.
पाटी कधी नव्हतीच.
लोक म्हणायचे, सगुणाल्या पसऱ्यार.

साडेसहाला बाबा फळ्या काढायचे.
पाच फळ्या, खडूने आकडे घातलेल्या.
तिसरी अडायची, तिला गुडघा द्यावा लागे.
मग उदबत्ती, मग पदेराचा भोंपू,
मग एखादं पोर, मुठीत घामेजलेलं नाणं,
काय आणायला धाडलंय ते वाटेत विसरलेलं.

बाबा घाई करत नसत.
"आई नाल्ल किसताली?"
"हय."
"बांगडे हाडल्यात?"
"हय."
"मग तिरफळां."
पोराचा चेहरा असा उघडायचा
जणू शब्द त्याच्याच खिशात सापडला.

जत्रेच्या रात्री हेच काम त्यांना अंधारात असायचं.
खाणीवरचा ट्रक ड्रायव्हर सेनापती,
पोस्टमन राजा,
लोटलीकर मास्तरांचा धाकटा मिशी भादरून राजकन्या,
आणि बाबा विंगेत, स्टुलावर,
मांडीवर वही, दातांत टॉर्च.
एकतीस वर्षं.
रंगमंचावर एकदाही पाऊल नाही.
सेनापती दोन पेग जास्त होऊन "महाराज..." वर अडकला
की कनातीमागून यायचं,
साखर तोलावी तसं, ना कमी ना जास्त,
"महाराज, गडाचा दरवाजा आतून उघडला."
टाळ्या ट्रकवाल्याला.
चटईवर आई माझ्या कानात पुटपुटायची,
हा तुझा बाप बोलला.

तीच आई चवथीला चिडायची.
गावभरच्या माटोळ्यांना कवंडाळं, आंबाडे, सुपाऱ्यांचे घोस
वाटून झाले, आणि घरच्या माटोळीला
एक वाळका दुधी.
"आपलो गणपती समजून घेता," बाबा म्हणत.
आई त्या रात्री समजून घेत नसे.

खाणी बंद पडल्या त्या वर्षी
लोक रस्ता ओलांडून पलीकडून जाऊ लागले,
उधारी थकलेले, मान खाली.
बाबा फळीवरून हाक मारायचे,
"अरे इनास, गेल्या खेपेक साबण उरला तुजो!
पैशे दिल्ले न्हू!"
इनासने दिले नव्हते.
इनासला ठाऊक होतं, बाबांनाही.
तो साबण घेऊन गेला,
आणि दुसऱ्या दिवशी तांदूळ मागायला आला.

धाकटा शाणू तारवटी झाला.
बोटीवरून फोन करतो, म्हणतो, काचेचं दार लाव, एसी लाव.
मी म्हणते, बघू.
तिसरी फळी आता मीच गुडघ्याने काढते.

गेल्या कार्तिकात बाबांना अर्धांग आलं.
बांबोळीहून परतले तेव्हा हात बराचसा सावरला होता.
शब्द सावरले नव्हते.
तरी गल्ल्यावर बसायचंच.
कोसेसांव मावशी येते, बोलत नाही, नुसती बोट दाखवते.
बाबा बरणी उचलतात, ओठ जुळवतात,
गळ्याची शीर उभी राहते.
मावशी थांबते.
पाठीमागे रांग, रांगेत तो सेनापती, आता पांढरा.
कुणी खाकरत नाही.
मग मावशीच, अगदी हळू, जणू पदराआडून:
"जिरें, सगुणबाब."
"जिरें!" बाबा मोठ्याने म्हणतात, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं.

मी लहानपणी विचारलं होतं,
चुकल्याबरोबर का नाही सांगत?
म्हणाले, आधी त्याचा श्वास ऐकायचा.
कधी कधी तो विसरलेला नसतो.
नुसता थांबलेला असतो.

काल दुकान मिटताना माझ्याकडे बघत राहिले.
माझं नाव शोधत होते. दिसत होतं.
मला ते ओठांवर आणून देता आलं असतं,
दोनच अक्षरं.
मी श्वास ऐकत राहिले.
रस्त्यावरून वाळपईची शेवटची बस गेली.

"तिरफळां," बाबा म्हणाले.

"हय," मी म्हटलं.