वखार

आधी इथं तंबाखू होता.
भिंतीत अजून आहे.
पावसाळ्यात गिलावा फुगला की
पहिल्या कपाटापाशी शिंक येतेच,
आणि सातगोंडा ग्रंथपाल म्हणतो,
'वर्गणी भरा आधी, मग शिंका.'

रतनशेठनं वखार दिली,
त्या साली निपाणीत दर पडला होता.
भाडेकरूपेक्षा पुस्तकं बरी,
कोर्टात जात नाहीत.
दारावरच्या फरशीत
यातलं काही कोरलेलं नाही.

पाटी दस्तगीर पेंटरनं तीनदा रंगवली.
एकदा नुसती मराठी.
एकदा वर कन्नड, खाली मराठी.
तिसऱ्यांदा कुणीतरी फासलेलं डांबर काढायला
रॉकेल त्यानं घरचंच आणलं,
बिल लावलं नाही.

अक्काताई पाचला यायच्या, विड्यांचा हिशेब देऊन.
बाकावर बसायच्या आधी
नळाखाली हात धुवायच्या खूप वेळ.
कुणीतरी पेपर मोठ्यानं वाचायचं,
त्या मधेच म्हणायच्या, 'परत वाच की.'
नोंदवहीत चौतीस पानं त्यांचा अंगठा.
पस्तिसाव्यावर सही,
एक काना कमी.

कसर लागत नाही इथल्या पुस्तकांना,
तंबाखूची कृपा.

परवा इंजिनिअर आला टेप घेऊन.
अहवाल कन्नडमध्ये होता.
सातगोंडानं तो बाकावरच्या सगळ्यांना
मराठीत करून सांगितला,
तुळया, पाया, पूर्वेची भिंत, सावकाश,
आणि शेवटच्या ओळीपाशी येऊन
शिंकला.

परत वाच की,
असं कुणी म्हणालं नाही.