काट्यावर

कॉवेलबाहेर, धान्याच्या उंच कोठारांपाशी,
ट्रकांचा वजनकाटा आहे.
हंगाम उरकलेला, म्हणून मर्व्हने पैसे घेतले नाहीत.
"निघणारे सगळे आत बसा," म्हणाला,
"पाण्याची टाकी भरलेली असू दे. खोटं वजन करून उपयोग नाही."

बसलो. डॅरेल, मी, टेगन, जोनाह,
आणि मागच्या बाकावर, गुडघ्यावर टोपी ठेवून, एर्विन,
ज्याने ही बस शाळेच्या लिलावातून आणली
आणि अकरा हिवाळे खपून तिचं घर केलं.
ओटा, पलंग, कडीला कडी लागणारे खण.
खिळा म्हणून कुठे दिसणार नाही.

चार हजार पाचशे एकाहत्तर.

साडेचार हजारांवर आमचं लायसन्स संपतं,
विमाही.
आणि पुढे नलरबॉर,
दीडशे किलोमीटर एकही वळण नसलेला रस्ता,
चुकलंच काही तर पाठ टेकायला झाड नाही.

"एकाहत्तर," एर्विन म्हणाला. "नेमकं माझं वजन.
मी उतरतो. मिटला प्रश्न."

कोणी हसलं नाही.
लोरेल तिकडे ऑल्बनीला असते, एर्विनची लेक.
नऊ वर्षं दोघांत शब्द नाही.
जूनमध्ये जेवता जेवता तो म्हणाला, मीही येतो,
आणि बटाटे पुढे सरकवले.
आम्ही कारण विचारलं नाही,
कोवळ्या कोंबाला हात लावून बघू नये, तसं.

घरी येऊन अंगणात ताडपत्री पसरली.
जनरेटर आधी उतरला, बावीस किलो, त्याचं दुःख फक्त डॅरेलला.
बिडाचं भांडं. पीचचे डबे, डझनभर,
जणू पलीकडच्या किनाऱ्यावर दुकानंच नाहीत.
जोनाहने खिशांतून दगड काढले, मग बुटांतून.
टेगनची दुर्बीण तिच्या तिकाटण्यासकट.
ती भांडली, रडली, मग स्वतःच उचलून शेडमध्ये ठेवून आली
आणि रात्रीपर्यंत माझ्याशी बोलली नाही.
माझ्या बाजूच्या खणात शिवणयंत्र निघालं.
का घेतलं होतं, मला सांगता येईना.

एर्विन हत्यारांच्या पेटीशी उकिडवा बसला.
एकेक पाना हातात तोलायचा,
बघायचा, परत ठेवायचा.
शेवटी जवळजवळ सगळे बाहेर.
"बस मला ओळखते," म्हणाला, "तीनांत भागेल."

मग डॅरेलला सीटखाली काहीतरी लागलं,
घोंगडीत गुंडाळून दोरीने बांधलेलं,
पाळण्याच्या कडेसारखी गोल कड,
जवसाच्या तेलाचा ओला वास.
"बाबा, हे काय? आठ-नऊ किलो तरी भरेल."
"ते जाणार."
डॅरेलने माझ्याकडे पाहिलं,
मी कोंबड्यांकडे.
तेवढ्यात कुंपणापलीकडून मिसेस पॅस्को ओरडल्या,
रोज किती दाणे टाकू?
बरं झालं, ओरडल्या.

दुसऱ्यांदा काट्यावर गेलो.
चार हजार चारशे अठ्ठ्याण्णव.
मर्व्हने कागदावर शिक्का मारला,
"दोन किलो शिल्लक," म्हणाला, "वाटेत कुणी जाड होऊ नका."

रात्री एर्विन घरात झोपला नाही.
अंगणातल्या बसमध्ये दिवा बराच वेळ होता,
आणि त्याचा आवाज,
तेच एक वाक्य पुन्हापुन्हा सुरुवातीपासून.
मी खिडकी लावून घेतली.

सकाळी स्वयंपाकघरात जोनाह मधाची बरणी चाटत होता.
सीमेवर मध काढून घेतात, फळंही.
"संपव," मी म्हणाले, "बरणी हलकी होईल."
तो थांबला. चमचा तोंडातच.
"पण पोटातून तर जाणारच ना तो?
मग वजन तेवढंच."

दारात एर्विन उभा होता, दाढी केलेला,
गालावर रक्ताचा एक ठिपका.
"दे इकडे," म्हणाला,
आणि नातवाशेजारी बसून
त्याने मधात बोट बुडवलं.