मण

वडनेरच्या अलीकडे, हायवेला लागून चांडकांचा धर्मकाटा.
रात्री नऊ ते सकाळी सहा तिथं मी.
गाठींच्या गाड्या संपल्या की दोन ते चार कोणी येत नाही,
कुत्रं लोखंडाच्या पाटावर येऊन झोपतं
आणि यंत्र त्याला वीस किलो दाखवतं.

त्या दोन तासांत मी तमिळ सिनेमे पाहतो.
हिंदीत डब केलेले नाही, ते तर गोमाही पाहतो,
त्यात आख्खं गाव एकाच माणसाच्या गळ्यातून बोलतं
आणि हिरोनं हात लावला की जीप उडते.
मी मूळ पाहतो. खाली इंग्रजी ओळ पळते,
मी थांबवतो, वाचतो, सोडतो.
अडीच तासांचा सिनेमा मला चार रात्री पुरतो.

मग लिहितो.
वजनाच्या पावत्यांचं बुक संपलं की त्याच्या पाठकोऱ्या बाजूला.
पुढून: गाडी नंबर, भरलेली, रिकामी, निव्वळ.
मागून: कॅमेरा माणसाच्या उंचीवर नाही,
शेळीच्या उंचीवर आहे. का?

गोमा म्हणते, काहून लिहून राह्यला बे, कोन वाचते?
वर्ध्याच्या साप्ताहिकाला दोन पाठवले होते.
वाघाडे सरांचा फोन आला. भाषा चांगली आहे,
पण आपल्याकडचं काही लिहा ना.

आता हा परवाचा.
एक म्हातारा चपला काखेत धरून गल्लीतून चालतो.
सात मिनिटं. मध्ये कट नाही, मी मोजली.
दोन्हीकडच्या ओट्यांवर माणसं. कोणी काही बोलत नाही,
एक जण पान लावतो, चुना जास्त होतो, बोट भिंतीला पुसतो.
गल्ली संपते.
म्हातारा चपला खाली टाकतो, त्या उलट्या पडतात.
पायानं एक सरळ करतो.
मग दुसरी.

तिथं मी थांबवलं.
माझ्या आज्याचा आजा गिरडच्या बाजारातून असाच यायचा म्हणतात.
'आपल्याकडचं,' असं लिहिलं
आणि खोडलं नाही.

तंगवेल नामक्कलचा. बारा चाकी.
महिन्यातून दोनदा गाठी न्यायला येतो.
आमची दोघांची हिंदी मिळून एका माणसाची होते.
त्याला शेवट दाखवला,
जिथं म्हातारा मूठभर माती साहेबाच्या टेबलावर ठेवतो.
खाली लांबलचक ओळ येते,
ही जमीन आमची, आमच्या वाडवडलांची, असं काही.
तंगवेल म्हणाला, झूठ. इतना नहीं बोला.
एकही बोला. मण्.

मण?

तो केबिनमधून उतरला, काट्याच्या कडेची चिमूट उचलली,
सरकीची तूस, डिझेल, त्यात थोडी माती,
आणि माझ्या तळहातावर ठेवली. मण्.
मी म्हटलं, आमच्यात मण म्हणजे वजन,
जुनी माणसं अजून त्यातच बोलतात.
तो हसला. कितना?
चाळीस शेर.
मग त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं आणि हसायचा थांबला.

मला खरं तर नादस्वराबद्दल लिहायचं होतं,
तो इतक्या उशिरा का येतो,
आणि दिग्दर्शकाला रडणाऱ्या बाया दाखवायचा सोस का आहे, तेही.
ते राहिलं. जे लिहिलं ते त्याला वाचून दाखवलं, मराठीतून.
तो माझ्या तोंडाकडे बघत होता,
मी त्यांच्याकडे बघतो तसा, फक्त त्याला खाली ओळ नव्हती.
'मण'ला तो हलला नाही.
'चप्पल' म्हटलं तेव्हा मान हलवली,
आणि त्याच्या गल्लीचं नाव सांगितलं.
मी विचारलं नव्हतं.

चारला गाडी काट्यावर घेतली.
मैं उतरूं क्या?
बस म्हटलं, बसून राहा.
हे यंत्र वीसवीस किलोनं मोजतं,
माणूस त्यात कुठंतरी बसून जातो.