राजहंसगडावर फुर्बा

सहा महिने रोज पहाटे
येळ्ळूरच्या बाजूनं गड चढत होतो,
पाठीवर फाउंड्रीतली वाळू, बारा किलो.
उद्यमबागेतनं रिटायर झालो तेव्हा
मॅनेजरनं घड्याळ दिलं, वाळू मी मागून घेतली.
रोपणीच्या बायका चिखलातनं विचारायच्या,
"हुंदरे मामा, काय करूलासा हे?"
म्हटलं, हिमालयात जाऊलोय.
"मग वाळू कशाला न्हेतासा?
तिकडं मिळत नाही होय?"

तिकडं सगळं मिळत होतं.
चहाघरात नूडल्स, गरम पाण्याची बाटली दोनशेला,
भिंतीवर कुणाच्या तरी लग्नाचा फोटो.
हवाच तेवढी मोजून.

फुर्बा वीस पावलं पुढं,
हात पाठीमागं बांधून,
जेवण झाल्यावर अंगणात फिरावं तसा.
वळून एकच शब्द टाकायचा: "बिस्तारै."
दोन दिवस मला वाटलं, बिस्तरा म्हणतोय,
म्हातारा दमलाय, आडवा हो म्हणून सांगतोय.
तिसऱ्या दिवशी कळलं, हळूहळू.
तोवर माझा ऊर जुन्या भात्यागत झाला होता,
शिवण उसवलेला, नुसता आवाज, वारा नाही.

रात्री शेकोटीला पुण्याची दोघं म्हणाली,
"बेळगाव? म्हणजे कर्नाटकात ना?
की आपल्यात?"
मी म्हटलं, गोव्याजवळ.
फुर्बानं लाकूड सारलं.
खिडकीतनं काळी खिंड दाखवली, म्हणाला,
माझी आई पलीकडची.
तिकडं मिठाला दुसरा शब्द आहे.
चहात पडतं तेच.

खिंडीवर मी गेलो नाही.
हे कुणाला सांगितलेलं नाही.
पहाटे चारला, टॉर्चच्या उजेडात,
माझे ओठ बघितले त्यानं,
माझी सॅक काढून स्वतःच्या छातीवर अडकवली
आणि मला उतरणीकडं वळवलं,
बैलाला बांधावरनं वळवावं तसं, शब्द न बोलता.
बाकीचे वर गेले. त्यांचे दिवे
बराच वेळ दिसत होते.

घरी आलो तर गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स:
हार्दिक अभिनंदन.
फोटोत पताका होत्या,
चहाघराच्या अंगणातल्या,
खरं मागं पोरांनी दुसराच डोंगर जोडलेला.
सूनबाईनं कुंदा आणला होता.
मी खाल्ला.

आणि आता फेब्रुवारीत, वाटा बर्फानं बंद,
मुंडगोडला मठात असलेल्या भावाला भेटायला जाताना
फुर्बा एक दिवस माझ्याकडं उतरला.
म्हणाला, तुमचा डोंगर दाखवा.

अकराचं ऊन. त्यानं स्वेटर कमरेला गुंडाळला,
मग टोपी काढली, मग बोलणं थांबवलं.
आमची हवा त्याला दाट लागत असणार,
नवख्याला लागते तशी आमटी.
मी वीस पावलं पुढं होतो.
हात कधी मागं बांधले, मला कळलं नाही.

उतरताना मसुराच्या रानात त्याच बायका.
यल्लुबाईनं त्याला निरखून घेतलं,
ओट्यातल्या ओल्या शेंगा त्याच्या टोपीत ओतल्या,
आणि मोडक्या हिंदीत विचारलं,
"हमारे मामा को ऊपर तुमीच लेके गया?"

मी बांधावरच्या एका दगडाकडं बघत राहिलो.
त्या दगडावर एका बाजूला कन्नडमध्ये
आणि दुसऱ्या बाजूला चुन्यानं काहीतरी लिहिलं होतं,
दोन्ही पुसट.

फुर्बानं शेंग सोलली. दाणा तोंडात टाकला.
"वापस लाया," म्हणाला.

"बघा की," यल्लुबाई बाकीच्यांना म्हणाली,
"न्हेऊन आणलं त्यानं,"
आणि परत वाकली.

आम्ही खाली चालत राहिलो.
टोपीतल्या शेंगा त्यानं माझ्यापुढं धरल्या.
पुढं उतार जरा निसरडा होता, सुक्या गवताचा.
कोण आधी बिस्तारै म्हणालं, आठवत नाही.