बाद काचा

त्या हिवाळ्यात आरागाट्सच्या उतारावरल्या आमच्या गावात
गॅस येत नव्हता. वीज दिवसातून तासभर,
तीही कुठला तास ते सांगून येत नसे.
शाळेतली लाकडी जमीन मास्तरांनी
फळी-फळीनं उपसून शेगडीत घातली
आणि आम्ही टोप्या घालून भूगोल शिकलो.

वर वेधशाळेत वार्दुश गालोयान एकटीच उरली होती.
घुमट फिरायला वीज लागते,
म्हणून तो एकाच दिशेला तोंड करून बसलेला,
रुसलेल्या म्हाताऱ्यासारखा.
ती दिवसा काम करी, खिडकीशी.
वीस वर्षांपूर्वीच्या रात्री काचेवर उतरवलेल्या,
त्या एकेक उजेडासमोर धरायची,
डोळ्याला भिंग लावून.

पावाच्या रांगेत सेद्राकनं विचारलं,
तू नेमकं काय शोधतेस गं तिथे?
दीर्घिकांमधला गॅस कसा संपतो, ते.

अख्खी रांग हसली.
खूप दिवसांनी हसली, कुणाला तर ठसकाच लागला.
तीही हसली, मग हातमोजा काढून
हवेत बोट फिरवत सांगू लागली:
गॅस आहे तोवर तारे जन्मतात, दीर्घिका निळी दिसते.
कधी आतल्याच भडक्यानं तो बाहेर फेकला जातो,
कधी आसपास फार गर्दी होते आणि ओरबाडला जातो,
कधी बाहेरून यायचाच थांबतो.
मग नवं काही होत नाही.
आहेत ते तारे म्हातारे होत जातात, तांबूस,
आणि तो तांबूस उजेड अब्जावधी वर्षं पुरतो.

अब्जावधी, सेद्राक म्हणाला.
आमच्याकडे मार्चपर्यंतचं रॉकेल नाही.

जानेवारीत वाऱ्यानं शाळेच्या पश्चिमेच्या खिडक्या फोडल्या.
काच येरेवानमध्येही नव्हती.
पार्गेव मास्तर वर गेले, टोपी हातात घेऊन.
काय मागायचं ते त्यांना पक्कं ठाऊक होतं
आणि मागता येत नव्हतं.
तिनंच कपाट उघडलं. बाद काचा:
ढग आलेल्या, हललेल्या, कडेला बुरशी धरलेल्या.
मोजून एकशे बारा.
चहा नव्हता, म्हणून नुसतं गरम पाणी दिलं.

सेद्राक म्हणाला, वरचा थर खरवडतो, लख्ख दिसेल.
असू दे, ती म्हणाली.
तळहाताएवढे तुकडे, पट्ट्यांच्या चौकटी,
पुटीन संपलं तेव्हा वर्तमानपत्रांचा लगदा.

आमच्या खिडकीत आकाश पांढरं होतं, तारे काळे.
श्मावोन म्हणाला, माश्या बसल्यात.
दुपारी ऊन तिरपं आलं की
वह्यांवर बारीक काळा रवा सांडायचा.
मी पुसला. पुसला गेला नाही.

फेब्रुवारीत, गुरुवारी, ती वर्गात आली,
बूट दाराशी झटकून, मास्तरांची परवानगी मागून.
तिसरी खिडकी, खालून दुसरी ओळ. वाकली.
बाद ठरवलेल्या काचेत एक ठिपका होता
जो दुसऱ्या कुठल्याच काचेवर आला नव्हता:
दोन दीर्घिका एकमेकींतून गेलेल्या,
मागे केसाएवढी शेपटी.

आदळल्या? मी विचारलं.
नाही गं. ताऱ्याला तारा लागतही नाही,
एवढी मोकळी जागा असते मध्ये.
गॅस तेवढा गॅसवर आपटतो
आणि मग ताऱ्यांची नुसती उधळपट्टी,
पुढचा मागचा विचार न करता.
त्यानंतर? त्यानंतर दोघींची एक होते, आणि निवते.

मास्तर म्हणाले, काढून देऊ का काच?
तिनं खिडकी पाहिली, आमच्या टोप्या पाहिल्या.
थंडी येईल.

मग ती दर गुरुवारी आली.
ऊन असलं तर मोजायची,
नसलं तर शेगडीशी बसून आमची गणितं तपासायची,
फार कडक तपासायची.

तिची नोंदवही पुढे माझ्या हाती आली.
प्रत्येक काचेचा आकडा, रात्र, आकाशाचा तुकडा,
आणि शेवटचा रकाना: सध्या कोठे.
कपाट चार, कपाट चार, कपाट सहा.
मग त्या एका ओळीत, पेन्सिलीनं:
गावची शाळा, चौथीचा वर्ग, तिसरी खिडकी.
लगदा अजून ओला आहे, हात लावू नये.