चार नाण्याखाली, एक बाहेर

धैदच्या पुढे, जिथे डांबर संपून खडी लागते,
तिथे पहाटे साडेपाचला मी कूलबॉक्स उतरवतो.
वरच्या कप्प्यात कळण्याची भाकरी, ठेचा,
खालच्या कप्प्यात पन्नास काडतुसं, माझ्या हातची.
दारू तापली की गोळी उतावळी होते.
भाकरीचंही काही वेगळं नाही.

वारा अजून उठलेला नाही.
घाफच्या झाडाला बांधलेली लाल चिंधी
माझ्यासारखीच, साहेबाची वाट बघत लोंबतेय.

वरणगावच्या फॅक्टरीत एकवीस वर्षं
मी काडतुसं तपासली, भरली नाहीत.
भरायचं मशीन. मी नुसता
पट्ट्यावरून वाहणाऱ्या पितळातून
एखादं तिरकं तोंड उचलून बाजूला टाकायचो.
इथे पत्र्याची खोली, आणि तराजू काढला की
एसीसुद्धा बंद, त्याच्या फुंकरीनं दाणा हलतो.
कपाळाला पंचा बांधून, श्वास धरून मोजतो,
जळगावच्या सोनारानं गुंज मोजावी तसा.
घरी फोनवर म्हणालो, रात्री दारू मोजत बसतो;
बायको दोन मिनिटं बोलली नाही.

सुलतान अल मझरूई आला. वाळूच्या पिशव्यांवर
त्यानं नवी रायफल टेकवली.
चाप तेवढा आपण ओढायचा, बाकी तिचं ती करते:
रिकामं फेकते, भरलेलं घेते, दार आपटते.
पाच गोळ्या. रोडेलनं दुर्बिणीला डोळा लावला.
"फेगडे, चार चांगल्या."
पाचवी डावीकडे, वर, वेगळ्याच गावाला.

कागद आणला. मी एक दिरहमचं नाणं ठेवलं.
चार भोकं त्या कॉफीच्या सुरईखाली झाकली गेली,
एक बाहेर, उघडं.
दुसरा कागद, तसंच.
तिसरा.
सुलतान माझ्याकडे बघून काही बोलला नाही.
न बोलणं त्याला परवडतं.
"मापात चुकला असेल," दाद करीम पुटपुटला,
आणि एकवीस वर्षं माझ्या कानशिलात गरम झाली.

चौथ्या खेपेला मी कागदाकडे बघितलंच नाही.
हाताकडे बघितलं.
पहिली गोळी सुलतान स्वतः आत सोडत होता,
दांडी धरून, सावकाश,
पाळण्यात तान्हं ठेवावं तशी.
मागच्या चौघींना कुणी हात लावत नव्हतं.
त्यांना रायफल ढकलत होती, धाडकन.

"साहेब, पहिलीचे लाड करू नका."
रोडेलनं अरबीत काय सांगितलं देव जाणे,
सुलतान हसला. दांडी ओढली, सोडून दिली.
धाडकन.
पुन्हा नाणं ठेवलं. चार आत.
पाचवं कडेला, अर्धं झाकलेलं, अर्धं उघडं.
मला तेवढं पुष्कळ होतं.

आमच्या घरातून इकडे पहिला मी.
भुसावळच्या फलाटावर निम्मी गल्ली आली होती,
भावानं ट्रंक खाली ठेवू दिली नाही,
गाडी हलली तरी कुणीतरी खिडकीतून बोट धरून चालत होतं.
मागून भाचा आला, चुलत भाऊ, त्याचा मेहुणा;
एजंटनं एका महिन्यात तिघं ढकलले.
शारजात एकाच खोलीत असतात, शुक्रवारी पत्ते कुटतात.
मी इथे, खडीवर.

पंचवीस झाडल्या की पंचवीस पितळं परत, वहीत सही.
ही रायफल फार लांब फेकते.
चोवीस मिळाली. पंचविसाव्यासाठी
दुपारपर्यंत गुडघ्यांवर फिरलो;
उन्हात पितळ आणि खडी एकाच रंगाची होतात.
शमाल उठला, चिंधी ताठ झाली.
रोडेल म्हणाला, लिही पंचवीस, कोण मोजतंय.
मी सहीची जागा कोरी ठेवली.

रात्री पंचा सोडला तर
मानेमागच्या घडीतून ते टप्पकन फरशीवर पडलं.
खाली चिंचोक्याएवढा चटका, मला तेव्हा कळलाही नव्हता.
दिव्याखाली धरून त्याचं तोंड बघितलं, सवयीनं.
सरळ होतं.